तेरेक-बेलच्या खिंडीत बंद पडलेली गाडी

आसानकुलने पहाटे आपल्या जुन्या रशियन जीपचे बोनेट उघडून इंजिनावर लोकरीचा जाड नमदा पसरला. त्या खोऱ्यातला प्रत्येक मनुष्य हिवाळ्यात आपल्या गाडीच्या इंजिनावर नमदा घालतो. मेंढपाळांचा मुलूख आहे तो. तिथे मनुष्य जन्मतो नमद्यावर, मेल्यावर त्याला गुंडाळतातही नमद्यातच, तेव्हा इंजिनाने तरी उघडे का राहावे, असा त्यांचा सरळ विचार. नेहमी तो एक लहानसा तुकडा वापरी. त्या दिवशी मात्र खिंडीतल्या वाऱ्याचा विचार करून त्याने घरातला सर्वांत मोठा आणि जाड नमदा घेतला, चहूबाजूंनी ठासून ठासून बसवला आणि बोनेट असे आपटले की गोठ्यातला कुत्रा भुंकू लागला.

एवढ्या पहाटे खिंडीकडे निघण्याचे कारण असे होते. त्याची मुलगी बेगिमाय शहरात परिचारिकेचे शिक्षण घेत होती. आदल्या संध्याकाळी ती बसमधून बाजारात उतरली असता, खिंडीपलीकडच्या जार-बुलाक गावच्या जानिश नावाच्या तरुणाने आणि त्याच्या मित्रांनी तिला उचलून गाडीत कोंबले आणि लग्नासाठी आपल्या घरी नेले. पहाटे तिचा फोन आला; बापाला ती आके म्हणे. "आके, मी जार-बुलाकला आहे. मला न्यायला या. मी डोक्याला रुमाल बांधू दिलेला नाही—" एवढेच शब्द, आणि मग कुणीतरी फोन हिसकावल्याचा आवाज.

पांढरा रुमाल एकदा का मुलीच्या डोक्यावर बसला की मुलगी त्या घरची झाली. दुपारच्या नमाजानंतर मुल्ला येणार, निकाह वाचणार. मग बाप आला काय आणि न आला काय, सारखेच. पोलीस चौकीत फोन केला तर शिपाई म्हणाला, "खिंड बर्फाने बंद आहे, रस्ता उघडला की बघतो." हा गुन्हा आहे असे कायद्याच्या पुस्तकात लिहिले आहे, परंतु पुस्तकाला चाके नसतात.

आसानकुलची पत्नी रायकान सर्व ऐकून चुलीपाशी उभी होती. ती रडली नाही. ती एवढेच म्हणाली, "मेलिसला बरोबर घेऊन जा."

मेलिस हा तिचा धाकटा भाऊ. आसानकुलला तो जेझदे म्हणे. मोठ्या बहिणीच्या नवऱ्याला तिथे तसेच म्हणतात, आणि मेहुण्याने जेझदेची थट्टा करावी हीही तिथली रीत आहे. पण त्या दिवशी मेलिस गाडीत बसला तो ओठ शिवल्यासारखा. ते मौन आसानकुलला काट्यासारखे टोचत होते, कारण शरद ऋतूतल्या एका मेजवानीत याच मेलिसने हसत हसत म्हटले होते की, जार-बुलाकची पोरे कष्टाळू असतात, आपल्या बेगिमायला तिकडेच देऊ. तेव्हा सगळे हसले होते. आसानकुलही हसला होता.

तेरेक-बेलच्या चढावर वाऱ्याने रस्त्यावर बर्फाचे ढीग रचून ठेवले होते. शहाणा मनुष्य अशा ठिकाणी उतरून फावडे हाती घेतो. आसानकुलने अॅक्सिलरेटर दाबला. गाडी बर्फात घुसली, बर्फ बोनेटवरून उसळून काचेवर आला, समोरचे काही दिसेनासे झाले, आणि तो दात-ओठ खात स्टिअरिंगला चिकटून राहिला.

"जेझदे, सावकाश," मेलिस पहिल्यांदा बोलला.

"सावकाश जायचं असेल तर उतर आणि चालत ये!"

एक ढीग फोडला, दुसरा फोडला, तिसऱ्यात गाडी छातीपर्यंत रुतली. मागे घेऊन पुन्हा धडक दिली, पुन्हा मागे घेतली. शेवटी चौथ्या धडकेला ती घुसमटत, खोकत पलीकडे पडली. खिंडीच्या माथ्यावर रस्ता साफ करणाऱ्यांची एक ओसाड झोपडी होती. तिच्यामागच्या उंचवट्यावर फोन लागतो हे सर्वांना ठाऊक होते. आसानकुलने गाडी चालू ठेवली, कारण त्या थंडीत कुणीही इंजिन बंद करीत नाही, आणि तो उंचवट्यावर चढला.

बेगिमायच्या फोनवर एका पुरुषाचा जाड, तृप्त आवाज आला.

"या, व्याही, या! पोरगी अगदी आनंदात आहे. मी जानिशचा काका."

"तिला फोन द्या."

"बायकांत बसलीय हो ती, लाजतेय. तुमचा राग आम्हाला कळत नाही का? राग शमवायला माणसं पाठवणारच होतो, मेंढीसुद्धा बांधून ठेवलीय. पण काय करणार, खिंड बंद! तुम्ही निवांत या. दोन दिवसांनी या. तोवर आम्ही—"

"मी खिंडीत आहे," आसानकुल म्हणाला. "तिच्या डोक्याला हात लावलात तर तो हात मी तुमच्या घरात ठेवणार नाही, तोडून घेऊन जाईन."

मग काका हसला. "आमच्या गावात तर असं म्हणतात व्याही, की तुमची बायकोसुद्धा घोड्यावर आडवी टाकूनच आणली होती. चला, चहा उकळतोय, या." आणि फोन बंद झाला.

आसानकुलला आपल्या कानशिलांत रक्त आपटताना ऐकू येत होते. त्या आवाजामुळे त्याच्या एक गोष्ट उशिरा लक्षात आली. खाली दुसरा कोणताच आवाज नव्हता. इंजिन बंद होते.

तो घसरत, पडत खाली आला. "का बंद केलीस?"

"मी नाही केली. खोकली आणि आपोआप बंद पडली."

"आपोआप!"

आसानकुलने किल्ली फिरवली. स्टार्टर जोमाने घुरघुरला. म्हणजे बॅटरीत जीव होता. पण इंजिनाने पेट घेतला नाही. पुन्हा. पुन्हा. प्रत्येक वेळी तेच निष्फळ घुरघुरणे, जणू कुणी मुद्दाम घसा खाकरून त्याची टर उडवीत आहे.

"बॅटरी संपवाल," मेलिस म्हणाला. "आधी सायलेन्सर बघू. बर्फ ठासून भरला असेल. धूर बाहेर पडायला वाट नसेल तर पेटेल कशी?"

ते बोलणे योग्य होते आणि म्हणूनच आसानकुलला अधिक संताप आला. तो पोटावर झोपून मागच्या नळीत हात घालून बर्फ उकरू लागला. बर्फ खरोखरच होता, दगडासारखा घट्ट. तो निघाल्यावर पुन्हा किल्ली फिरवली. घुरघुर. पेट नाही.

मग बोनेट उघडले. नमदा तसाच घट्ट बसलेला होता; आसानकुलने तो बाजूला उलटून काचेवर टाकला आणि हवेच्या गाळणीचे झाकण उघडले. आत बर्फाचा भुगा भरून राहिलेला होता. "हे बघ, हे बघ! श्वासच कोंडलाय हिचा!" गाळणी त्याने टायरवर आपटून आपटून रिकामी केली. तिच्याविनाच किल्ली फिरवली. घुरघुर. पेट नाही.

"पेट्रोल येतंय का ते बघा," मेलिस म्हणाला.

एक प्लग काढला. तो ओला होता आणि पेट्रोलचा वास येत होता. म्हणजे हवा होती, पेट्रोल होते. राहिली होती फक्त ठिणगी. आसानकुलने प्लग वायरला जोडून इंजिनाच्या लोखंडाला टेकवला आणि ओरडला, "मार!" मेलिसने स्टार्टर मारला. दोघेही त्या टोकाकडे बघत होते. तिथे काहीच उमटले नाही.

दुसऱ्या प्लगचीही तीच कथा. तिसऱ्याचीही.

मनुष्याच्या मनात संशय कसा शिरतो हे सांगणे कठीण आहे. बर्फ इंजिनात शिरतो तसाच तो शिरत असावा, जिथे जिथे फट दिसेल तिथून. आसानकुल ताठ उभा राहिला. चारही प्लगांना करंट वाटून देणारा जो गोल डबा असतो, ज्याला गॅरेजवाले डिस्ट्रीब्युटर म्हणतात, त्याच्या झाकणाखाली अंगठ्याएवढा एक फिरता तुकडा असतो. तो काढून खिशात घातला की गाडी मेली. त्या मुलखात चोरांच्या भीतीने लोक बाजारात गाडी सोडताना हेच करतात. दोन क्लिपा काढायच्या, तुकडा उचलायचा, झाकण पुन्हा लावायचे. एक मनुष्य उंचवट्यावर फोन करीत असता, दुसऱ्या मनुष्याला एवढे करायला मुबलक वेळ मिळतो.

"मेलिस," तो म्हणाला, "खिशातलं काढ."

"काय?"

"तुकडा काढ. मला सगळं कळलंय. कष्टाळू पोरं असतात ना जार-बुलाकची? किती मेंढ्या देणार आहेत तुला?"

मेलिसचा चेहरा पांढरा पडला. "जेझदे, तोंड सांभाळा."

"खिसा दाखव!"

"नाही दाखवत."

आसानकुलने त्याची गळपट्टी धरली. दोघेही बर्फात कोसळले. चाळिशी ओलांडलेला आणि तिशी ओलांडलेला असे दोन गृहस्थ, ज्यांनी एकमेकांच्या घरी ईदचे मांस वाढले होते, एकमेकांच्या टोप्या उडवीत, एकमेकांच्या तोंडात बर्फ कोंबीत लोळू लागले. अखेरीस आसानकुलने मेलिसच्या कोटाच्या आतल्या खिशात हात घातला. त्याच्या हाताला काहीतरी कठीण लागले. त्याने विजयाच्या आवेशाने ते बाहेर ओढले.

ती व्होडकाची चपटी बाटली होती.

मेलिस उठून बसला. त्याच्या ओठातून रक्त येत होते. "घ्या. प्या तुम्हीपण. तुमच्यासमोर काढायला लाज वाटत होती म्हणून लपवली होती."

आसानकुल बाटली हातात धरून बर्फातच बसला होता.

"मी गाडी बंद पाडली?" मेलिसचा आवाज वाढत गेला. "मी? तुम्हालाच चालू व्हायला नको आहे ती! मला काय कळत नाही? दुपार होईल, मग म्हणाल, काय करू बाबांनो, गाडीच बंद पडली. माझ्या बापानं हेच केलं होतं! तुम्ही माझ्या बहिणीला उचलून नेलं, तेव्हा मी बापाच्या मागं घोड्यावर बसून तुमच्या गावाला निघालो होतो. तुमच्या घराचा धूर दिसला आणि बापानं लगाम ओढला. म्हणाला, घोडा लंगडायला लागलाय. जेझदे, मी त्या घोड्यावर बसलो होतो. घोडा लंगडत नव्हता!"

वाऱ्याने नमद्याची कड फडफडली. दोघांनीही तिकडे पाहिले नाही.

"नंतर तुमची माणसं राग शमवायला मेंढी घेऊन आली. मी लहान होतो. मी पोटभर खाल्लं, हाडं चोखली. चविष्ट होती. मला आजही त्याचाच राग येतो, समजलं? तुमचा नाही येत एवढा, त्या मेंढीचा येतो. आणि त्या मेजवानीत मी जार-बुलाकची थट्टा केली ती का केली? तुमचं तोंड बघायचं होतं मला, की पोरीचं नाव निघालं म्हणजे कसं होतं ते. तुम्ही हसलात!"

खरे सांगायचे तर आसानकुलला त्या क्षणी पश्चात्ताप वगैरे झाला नाही. पश्चात्तापाला जी सवड लागते ती त्याच्यापाशी नव्हती. त्याला केवळ एक गोष्ट असह्य झाली, की आपण खिंडीतून परत फिरू असे या मनुष्याला वाटावे. तो उठला. त्याने बाटली मुठीत धरली आणि डिस्ट्रीब्युटरच्या क्लिपा काढल्या.

फिरता तुकडा जागच्या जागी होता. परंतु झाकणाच्या आत पाण्याचे थेंब दाटले होते, जसे चहाच्या किटलीच्या झाकणाला दाटतात. वायरींच्या मुळाशीही पाणी साचले होते.

"पाणी," तो म्हणाला. "पाणी कुठून आलं?"

मेलिस जवळ आला. त्याने वर पाहिले, खाली पाहिले, मग हात लांबवून काचेवर टाकलेला नमदा दाबला. त्यातून पाण्याची धार लागली.

आता सर्व स्पष्ट झाले. आसानकुल बर्फाच्या ढिगांत धडका मारीत होता तेव्हा खालून पंख्याने बर्फ उचलून इंजिनावर भिरकावला. गरम लोखंडावर तो वितळला. उघडे इंजिन असते तर वाफ होऊन निघून गेला असता. लहान तुकडा असता तरी कडेने निघून गेला असता. पण वर तो मोठा, जाड नमदा होता, चहूबाजूंनी ठासलेला. त्याने ते सर्व पाणी पिऊन घेतले आणि गाडी उभी राहिल्यावर थेंबाथेंबाने नेमके या झाकणावर सोडले. वितळलेल्या बर्फाने ठिणगी विझवली होती, आणि त्या बर्फाला आश्रय स्वतः आसानकुलने दिला होता.

"एवढा कुणी घालतं का?" मेलिस म्हणाला. "गाडीला घातलाय की नवरीला?"

ही त्या दिवसातली पहिली थट्टा. कुणी हसले नाही.

आसानकुलने तो नमदा उचलला आणि रस्त्याच्या कडेला दरीत फेकून दिला. रायकानने दोन शेजारणींबरोबर हातांची कोपरे सोलवटेपर्यंत लाटून तो घडवला होता. मेलिसने बाटली ओढून घेतली.

"आणा इकडं. दारूनं पुसलं की पाणी सुटतं. वाळतंही लवकर."

त्याने रुमाल भिजवून झाकण आतून पुसले, वायरींची टोके पुसली. आसानकुलने कोट उघडून ते थंडगार झाकण उघड्या काखेत दाबून धरले. थंडी त्याच्या बरगड्यांत शिरली. तो शिव्या देत होता. जानिशला, त्याच्या काकाला, खिंडीला, स्वतःला, क्रमाने आणि मग क्रम सोडून. मेलिस एकेक वायर तोंडाच्या वाफेने नव्हे, तर छातीशी धरून सुकवीत होता, कारण वाफेनेही पाणीच येते.

"दारू उडू दे पुरती," तो म्हणाला, "नाहीतर भडका होईल आणि दोघेही जळू."

झाकण बसवले. वायरी खोचल्या. एका प्लगचे टोक लोखंडाला टेकवले. "मार!"

निळी, बारीक ठिणगी तडतडली.

जार-बुलाकला ते पोचले तेव्हा मशिदीकडे माणसे जाऊ लागली होती. मेलिस स्टिअरिंगवर राहिला. इंजिन बंद होऊ द्यायचे नव्हते. आसानकुल एकटा आत गेला. अंगणात कढईखाली धूर होता. पुरुष उठून उभे राहिले. "सलाम आलैकुम, व्याही!"

त्याने सलामाला उत्तर दिले नाही. त्या मुलखात याहून मोठी शिवी नाही. माणसे आपोआप बाजूला झाली.

आतल्या खोलीच्या कोपऱ्यात नवरीला बसवायचा पडदा बांधलेला होता. "बेगिमाय!" तो ओरडला. पडदा फाटल्यासारखा बाजूला झाला आणि ती बाहेर आली. डोके उघडे होते, केस विस्कटलेले, मनगटावर ओरखडे. तिच्यामागून एक बाई पांढरा रुमाल हाती धरून धावत आली आणि आसानकुलला पाहून थबकली.

परंतु ते दाराकडे वळले तो जानिशची आजी उंबरठ्यावर आडवी झाली होती. डोळे मिटून, हात छातीवर घेऊन.

"माझ्यावरून जाणारी पोर सुखाचा दिवस बघायची नाही," ती म्हणाली. "तिची कूस सुकेल. जा, ओलांड."

बेगिमायचा उचललेला पाय हवेतच थांबला. हजारो मुली याच ठिकाणी थांबल्या आहेत. रायकानही थांबली होती. त्या दिवशी उंबरठ्यावर आसानकुलची स्वतःची आई आडवी होती, आणि आसानकुल भिंतीला टेकून खाली मान घालून उभा होता, हा मुलगा जानिश आता उभा आहे अगदी तसाच.

"आजी, उठा," आसानकुल म्हणाला.

"नाही उठत."

"मग नीट पडून राहा." त्याने पाय उचलला आणि तिच्यावरून पलीकडे गेला. स्त्रिया किंचाळल्या. त्याने वळून हात पुढे केला. "शाप आधी मला लागला. माझ्यात मुरेल. तू ये."

"आके..."

"ये!"

तिने त्याचा हात धरला नाही. तिने स्वतःच झगा गुडघ्यापर्यंत उचलला आणि म्हातारीवरून उडी मारली. मागे म्हातारीचा शाप सुरू झाला. बेगिमायच्या पुढच्या सात पिढ्यांना अजून नावे नव्हती, म्हणून म्हातारी नुसत्याच पिढ्या मोजीत होती. काका मध्ये आला. "व्याही, हे बरं नाही केलंत. उद्या पोरीला कोण विचारील?"

"तीच विचारील लोकांना," आसानकुल म्हणाला, "की काय रे, तुमचं काय काम आहे माझ्याकडं?"

गाडीत त्याने तिच्या खांद्यावर कोट घालायला हात पुढे केला. ती भिंतीला टेकल्यासारखी दाराला टेकली. "हात लावू नका. आज मला कुणीच हात लावायचा नाही. तुम्हीसुद्धा नाही."

त्याने कोट मधल्या जागेवर ठेवला. तिने तो घेतला नाही.

खिंडीत परतताना वाऱ्याने ढीग पुन्हा रचून ठेवले होते. मेलिसने गाडी थांबवली, पण या वेळी धडक दिली नाही. आसानकुल उतरला, फावडे काढले आणि खोदू लागला. तोच बेगिमाय उतरली. तिच्या पायात परक्या घरातल्या सपाता होत्या.

"द्या," ती म्हणाली.

"बस आत. थंडी—"

"द्या म्हणते ना!"

तिने फावडे त्याच्या हातातून ओढून घेतले आणि बर्फावर घाव घालू लागली. खोदणे नव्हतेच ते. ती मारीत होती. प्रत्येक घावाबरोबर तिच्या घशातून एक आवाज निघे, शब्द नसलेला. बर्फाची ढेकळे तिच्या खांद्यावरून मागे उडत होती. दोन-तीन आसानकुलच्या छातीवर येऊन फुटली. तो बाजूला झाला नाही. मेलिसने इंजिन चालू ठेवले होते आणि काच खाली करून तो बघत होता. रस्ता मोकळा होत गेला, पुरेसा मोकळा झाला, गरजेपेक्षा रुंद झाला.

"पुरे झालं, पोरी," मेलिस म्हणाला.

ती थांबली नाही. आणि त्या दोघांपैकी कुणीही तिला थांबवायला पुढे गेले नाही.